डच झ्यूरकोल-रोकवर्स्ट: आंबट कोबी, धुरी दिलेलं सॉसेज आणि वर बटाट्याचा थर

कालव्याकाठी

थंडी सुरू झाली, साडेचारलाच दिवे लावायची वेळ आली आणि सुपरमार्केटात शिरल्याशिरल्या रोकवर्स्टच्या चळती दिसायला लागल्या, म्हणून हा धागा काढतेय. मागे दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलेलं की डच लोकांच्या जेवणात ब्रेड-चीज सोडलं तर काही नाहीच. मला ते अजिबात पटलेलं नाही. ज्यांनी हिवाळ्यात इथल्या कुणाच्या घरी जेवलेलं नाही त्यांनाच असं वाटू शकतं.

मी राहते नेदरलँड्समध्ये, अल्कमारच्या जवळ. इथून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर लांगेडाइक आहे, हा सगळा पट्टाच कोबीचा. पूर्वी इथली शेतं म्हणजे पाण्यातली छोटी छोटी बेटं होती, शेतकरी होडीत कोबी भरून थेट लिलावाच्या इमारतीतच घुसायचे, म्हणजे होडी इमारतीच्या आतून जायची आणि बाकावर बसलेले व्यापारी ती बघून भाव करायचे. ब्रुक-ऑप-लांगेडाइकला १८८७ साली हे लिलाव सुरू झाले आणि १९७३ ला बंद झाले, आता तिथे म्युझियम आहे, लहान मुलांना घेऊन जरूर जा, त्यांना खोटाखोटा लिलाव करू देतात. तर इतका कोबी पिकतो म्हटल्यावर तो हिवाळाभर टिकवायचा कसा, याचं उत्तर म्हणजे झ्यूरकोल. बारीक चिरलेला कोबी मिठात दाबून आंबवायचा, बास. पूर्वी घरोघरी चिनी मातीच्या मोठ्या बरण्या असायच्या तळघरात, वर लाकडी झाकण आणि त्यावर दगड. माझ्या शेजारच्या आजींकडे ती बरणी अजून आहे, आता त्यात छत्र्या ठेवलेल्या असतात.

आता पदार्थ. झ्यूरकोलचा स्टाम्पॉट (सगळं एकत्र कुस्करून) जास्त प्रसिद्ध आहे पण मी लिहितेय ते ओव्हनमधलं, थर लावून केलेलं, कारण मला स्वतःला वरचा तो खरपूस पापुद्रा पाहिजेच असतो.

चार जणांना पोटभर होईल असं प्रमाण देते. झ्यूरकोलचं अर्धा किलोचं पाकीट, बटाटे किलोभर, एक मोठी रोकवर्स्ट, दोन कांदे, एक आंबटसर सफरचंद (खाउडरेनेट मिळालं तर तेच घ्या, नाहीतर एल्स्टार), शंभर-सव्वाशे ग्रॅम स्पेकयेस म्हणजे खारवलेल्या पोर्कचे बारीक चौकोनी तुकडे, बटर, दूध, चमचाभर जाडसर मोहरीचं मस्टर्ड, दोन तमालपत्रं, जुनिपरचे (सुगंधी मसाल्याच्या फळाचे) पाच-सहा मणी, जायफळ आणि वर घालायला मुरलेलं खाउडा चीज मूठ-दोन मूठ.

बटाटा नीट निवडा. इथे पिशवीवर लिहिलेलं असतं, 'क्रोयमिख' म्हणजे शिजल्यावर भुसभुशीत होणारा, तोच घ्यायचा, दुसरा जो कापा राहतो त्याचं कुस्करल्यावर चिकट खळ होतं. बिंच्ये नावाची जुनी जात मिळाली तर मस्तच, फ्रीसलंडमधल्या एका शाळामास्तरांनी ती तयार केली आणि तिला आपल्या विद्यार्थिनीचं नाव दिलं. बटाटे सोलून तुकडे करून वेगळ्या पातेल्यात उकडा, पाण्यात मीठ अगदी नावाला, कारण कोबी, सॉसेज, चीज सगळंच खारट असतं. पाणी पूर्ण काढून पातेलं मिनिटभर परत गॅसवर धरा, वाफ निघून बटाटा कोरडा झाला पाहिजे, मग गरम दूध आणि बटर घालून कुस्करा. दूध फ्रिजमधलं थेट घालू नका. वर जायफळ किसून, आणि हे विसरू नका, डच बटाट्यात जायफळ नसेल तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

एकीकडे स्पेकयेस कोरड्या पॅनमध्ये मंद आचेवर ठेवा, त्यांचं तूप सुटू दे, त्याच तुपात कांदा छान लालसर करा, मग सफरचंदाच्या फोडी, मग झ्यूरकोल हाताने मोकळी करत घाला. तमालपत्र, जुनिपर, अर्धी वाटी पाणी, झाकण. पाकिटातली शिजवलेली असेल तर दहा मिनिटं पुरतात, कच्ची असेल तर वीस-पंचवीस.

आणि आता माझं खरं म्हणणं, ज्यासाठी एवढं टंकलं. झ्यूरकोल धुवू नका. आपले बरेच जण पहिल्यांदा आणतात, चाखून दचकतात आणि मग नळाखाली धरून धरून त्यातला सगळा जीव घालवतात, नंतर म्हणतात बेचव आहे. तो आंबटपणा हाच या पदार्थाचा कणा आहे, त्याला काढून टाकायचं नसतं, त्याच्या जोडीला तोलामोलाचं काहीतरी द्यायचं असतं. सॉसेजची चरबी, बटर, बटाट्याचा मऊपणा, सफरचंदाची गोडी, हे सगळं त्यासाठीच आहे. कोबी मिळमिळीत झाला की तेच सगळं जड आणि तुपकट लागतं आणि चार घासांत नको होतं.

रोकवर्स्ट: सुपरमार्केटमधली व्हॅक्यूम पॅकमधली असते ती शिजलेलीच असते. पाणी उकळलं की गॅस बंद करायचा आणि पाकिटासकट पंधरा-वीस मिनिटं त्यात सोडून द्यायची. खळाखळा उकळायची नाही, साल फुटते आणि रस पाण्यात जातो. नीट गरम झालेली रोकवर्स्ट सुरी टेकवली की टचकन फुटते आणि फळीवर धुरकट वासाचा रस पसरतो, तो रस टाकू नका, कोबीत ओता. खाटकाकडची कच्ची असेल तर मात्र ती आधी नीट शिजवून घ्या, उकळीच्या जरा खालच्या पाण्यात अर्धा तास तरी.

मग ओव्हनच्या भांड्याला बटर, खाली कोबी, त्यावर बोटाच्या जाडीच्या सॉसेजच्या चकत्या, चकत्यांना मस्टर्ड फासायचं, वर बटाटा. बटाटा गुळगुळीत करू नका, काट्याने ओरखडे काढा म्हणजे ते कंगोरे लाल होतात. वर चीज, हवं तर ब्रेडचा चुरा आणि बटरचे छोटे गोळे. २०० डिग्रीला २५-३० मिनिटं, कडेने कोबीचा रस बुडबुडायला लागला की झालं. काढल्यावर दहा मिनिटं थांबा, नाहीतर थर घसरतात.

सोबत मस्टर्ड आणि आम्स्टरडॅमचे लोणच्यातले पिवळे कांदे. हळदीने पिवळे असतात ते!

चिंचगूळ

वा, वाचूनच भूक लागली. एक विचारू का, बटाटे वेगळे का उकडायचे? माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातली एक डच बाई म्हणते की तिची आई सगळं एकाच पातेल्यात लावते, खाली कोबी वर बटाटे. भांडी पण कमी.

कालव्याकाठी

लावतात की, जुनी पद्धत तीच आहे. फक्त आंबटात बटाटा लवकर शिजत नाही. आपण डाळ शिजायच्या आधी चिंच-आमसूल घालत नाही ना, तेच कारण, आंबट लागलं की भाजीचा कडकपणा सुटत नाही. एकाच पातेल्यात करायचं तर बटाटे कोबीच्या रसाच्या वर राहिले पाहिजेत, वाफेवर शिजले पाहिजेत आणि वेळ जास्त द्यायचा. रसात बुडलेल्या फोडी तासाभराने पण आतून करकरीत निघतात. स्टाम्पॉटला चालून जातं, थराला मला वेगळेच बरे वाटतात.

आयंडोवनकर

छान लिहिलंयस गं, पण अननस कुठाय? आमच्या ऑफिसच्या कँटीनला दर हिवाळ्यात जे मिळतं त्यात खिमा असतो, करी पावडर असते आणि डब्यातल्या अननसाचे तुकडे, वर बटाटा आणि चीज. मी तर अनेक वर्षं तेच खरं समजत होतो. आणि खरं सांगू, आपल्या जिभेला ते पहिल्या घासाला आवडतं, आंबट-गोड-तिखट सगळं आहे त्यात. रोकवर्स्ट मला नुसती पावात घालून आवडते, हेमा नावाच्या इथल्या दुकानांत दाराशी गरम मिळते ती, थंडीत ट्रेन चुकली की तेवढाच आधार.

कालव्याकाठी

@आयंडोवनकर, ते पण इथलंच आहे, काही खोटं नाही. बऱ्याच डच घरांत झ्यूरकोलच्या ओव्हनच्या पदार्थात अननस आणि करी पावडर घालतात, कुणी केळं घालतं, कुणी बेदाणे. इंडोनेशियावर एवढी वर्षं राज्य केलेलं, तिकडून आलेले लोक, त्यांची टोको म्हणजे तिकडच्या खाद्यसामानाची दुकानं, त्यामुळे आंबट-गोड-मसालेदार असं एकत्र खायची यांना सवय आहेच, कित्येक घरांत जेवणाच्या टेबलावर सांबालची (इंडोनेशियन मिरचीच्या चटणीची) बाटली असतेच. पण मला विचारशील तर खिम्याबरोबर अननस, रोकवर्स्टबरोबर सफरचंद. धुराचा वास आणि करी पावडर एकमेकांना मारतात. आणि ती करी पावडर फार गोडसर असते, घालायचीच तर घरचं धणे-जिरे-हळद घाल.

रानवारा

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. इथे आंबट कोबी म्हणजे घरचंच. माझा दोन ठिकाणी विरोध नोंदवते. एक म्हणजे इथे कोबी बटाट्यात मिसळत नाहीत की त्याच्याखाली गाडत नाहीत, कोबी वेगळा, मांस वेगळं, बटाटा वेगळा, प्रत्येकाची चव कळते. दुसरं, धुवायचा नाही हे सरसकट सांगू नकोस. बाजारात पिंपातला सुटा मिळतो तो हिवाळा संपत आला की इतका आंबट झालेला असतो की एकदा पाण्यातून काढावाच लागतो. माझ्या सासूबाई तर नेहमी धुतात आणि त्यांच्या हातचा कोबी उत्तम असतो.

कालव्याकाठी

@रानवारा, पिंपातल्याबद्दल मान्य, चाखून बघायचं आणि फारच असेल तर एकदाच पाण्यातून काढून पिळायचं. माझा राग नळाखाली पाच मिनिटं धरणाऱ्यांवर आहे. आधी नुसता पिळून बघ आणि तो रस वाटीत ठेव. शेवटी चव कमी वाटली तर परत घालता येतो, धुतलेलं परत आणता येत नाही. पाकिटातली तर धुवायची काहीच गरज नसते, त्यात वाइन घातलेला प्रकार मिळतो तो मुळातच सौम्य असतो. नवशिक्यांनी तोच आणावा.

आणि वेगळं वेगळं वाढण्याबद्दल, ताटात सुंदर दिसतं हे खरं. पण हे शेतावरून आलेल्या माणसांचं जेवण आहे, संध्याकाळी सहाला सगळे एकत्र बसतात, एक भांडं मधोमध, प्रत्येकाने मोठा चमचा घालून तळापर्यंत जायचं. माझ्या शेजारच्या आजी तर ताटात वाढल्यावर बटाट्यात खळगा करून त्यात पॅनमधलं तूप ओततात.

साधावरण

शाकाहारी लोकांनी काय करायचं? 😊 पुण्यात आहे, ओटीजी आहे. मुलगी डेल्फ्टला शिकायला गेलीय, तिने तिथे खाल्लं म्हणून हट्ट धरून बसलीय की सुट्टीत आल्यावर कर. ती तिकडची व्हेज सॉसेज आणणार म्हणतेय पण कोबीचं काय, तो आंबवलेला इथे कुठे मिळेल?

कालव्याकाठी

@साधावरण ताई, व्हेज रोकवर्स्ट इथे सगळीकडे मिळते आता, चव बरीच जवळ जाते, फक्त तिला रस नसतो त्यामुळे बटर हात सैल सोडून घाला. स्पेकयेसच्या जागी मश्रूम घ्या, बारीक चिरून कोरडे होईपर्यंत परता, त्यात धुरी दिलेली पाप्रिका पावडर पाव चमचा. धुराचा वास कुठून तरी यायलाच हवा, तो या पदार्थातला अर्धा भाग आहे. स्मोक्ड चीज मिळालं तर वर तेच घाला.

कोबी मात्र विकत शोधत बसू नका, मोठ्या शहरांत डब्यातला मिळतो पण फार महाग आणि शिजून लगदा झालेला असतो. घरी करा, अवघड नाही. घट्ट पांढरा गड्डा घ्या, वरची एक-दोन पानं काढून ठेवा, मधला दांडा काढून कोबी अगदी बारीक चिरा. चिरलेल्याचं वजन करा आणि किलोला २० ग्रॅम साधं मीठ. अंदाजाने नको, वजनानेच. मीठ लावून परातीत दहा मिनिटं चांगला चुरा, पाणी सुटतं. मग काचेच्या बरणीत मुठीने दाबून दाबून भरा, हवा राहू देऊ नका, सुटलेलं पाणी वर आलं पाहिजे. काढून ठेवलेलं पान वर पसरा, त्यावर पाणी भरलेली छोटी वाटी किंवा धुतलेला दगड. कोबी सतत पाण्याखाली राहिला पाहिजे, सगळी गोम त्यात आहे. झाकण सैल ठेवा, गॅस होतो. खाली ताट ठेवा, पाणी उतू जातं.

साधावरण

एवढंच? दही-विरजण काही लागत नाही? आणि किती दिवस?

कालव्याकाठी

विरजण नको, कोबीच्या पानांवरच ते जिवाणू असतात. मिठामुळे सडवणारे मागे पडतात आणि आंबवणारे पुढे जातात, आधी एक जात काम सुरू करते, बुडबुडे येतात ते तेव्हाचे, मग आंबटपणा वाढला की दुसरी जात ताबा घेते. हा क्रम नीट झाला तर चव येते. १८-२० डिग्रीला तीन-चार आठवडे लागतात. पुण्यात उन्हाळ्यात हे सगळं आठवड्यात उरकतं पण कोबी मऊ पडतो आणि चव एकसुरी होते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत करा, घरातला सगळ्यात गार कोपरा बघून. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चाखत जा, आवडेल तेवढा आंबट झाला की फ्रिजमध्ये. वर पांढरा पातळ साय धरल्यासारखा थर आला तर काढून टाका, घाबरू नका. हिरवी-काळी-गुलाबी लव दिसली किंवा कुजका वास आला तर मात्र सगळं टाकून द्या, वरवरचं काढून खायचं नाही.

खारीबिस्कीट

आंबवलेलं पोटाला चांगलं म्हणून आम्ही खातो, पण ओव्हनमध्ये २०० डिग्रीला ते जिवाणू कसले राहतायत? आणि बीपीवाल्यांनी हे खावं का? आमच्या बाबांना जेवणात मीठ कमी सांगितलंय.

कालव्याकाठी

@खारीबिस्कीट जिवाणू राहत नाहीत, बरोबर आहे. मी मूठभर कच्चाच बाजूला ठेवते, त्यात थोडं सफरचंद किसून आणि तेलाचे चार थेंब, कोशिंबिरीसारखा शेजारी वाढते. गरम आणि गार, दोन्ही आंबट एकाच ताटात छान लागतात.

बाबांसाठी हा रोजचा पदार्थ नाही, कोबी-सॉसेज-चीज तिन्हीत मीठ आहे. त्यांच्यापुरतं वेगळ्या छोट्या भांड्यात करता येईल, कोबी धुऊन (हो, इथे धुवाच), बटाट्यात मीठ नाही, चीज नाही, सॉसेजऐवजी साधं चिकन. तरी डॉक्टरांना एकदा विचारा.

दर्यावर्दी

जहाजावर असतो म्हणून भर घालतो. कॅप्टन कुकने १७६८ साली एंडेव्हर जहाज काढलं तेव्हा पिंपंच्या पिंपं आंबट कोबी बरोबर घेतला होता, स्कर्व्ही होऊ नये म्हणून. खलाशी तोंड लावेनात. मग त्याने सक्ती केली नाही, रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला आणि बाकीच्यांना म्हणाला हवा तर घ्या. साहेब खातायत म्हटल्यावर काही दिवसांतच मागणी इतकी वाढली की वाटून द्यावा लागला. कोबीतलं सी जीवनसत्त्व आंबवल्यावर बऱ्यापैकी टिकतं, हे नाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं पण गुण कळला होता. आमचं जहाज रॉटरडॅमला लागलं की मी बंदराजवळ कुठेतरी स्टाम्पॉट खातोच, मला बूरनकोलचा म्हणजे केलच्या पानांचा पण आवडतो, आणि गाजर-कांद्याचा तो हुत्स्पॉट.

कालव्याकाठी

@दर्यावर्दी, भारी माहिती! आमच्याकडे मुलांना खाऊ घालायचं तंत्र पण हेच, आधी आपण खायचं. हुत्स्पॉट खायला एकदा ३ ऑक्टोबरला लायडनला जा. १५७४ साली स्पॅनिश वेढा उठला त्या दिवसाची आठवण म्हणून अजून अख्खं गाव हुत्स्पॉट खातं, हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटतात. गोष्ट अशी सांगतात की पळून गेलेल्या सैन्याच्या तळावर शिजवलेल्या भाजीचं भांडं सापडलं. त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

मांडवीतीर

गोंयकार आहे, सध्या उट्रेख्तला. रोकवर्स्ट छान असते पण मला ती अगदीच सोज्वळ वाटते. गावाहून आणलेले आमचे चोरीस, म्हणजे गोव्याचे तिखट पोर्क सॉसेज, फ्रीजरमध्ये आहेत, ते घालून हे करावं असं डोक्यात आहे. कुणी केलंय का?

आयंडोवनकर

कर कर, आणि फोटो टाक.

कालव्याकाठी

@मांडवीतीर, चोरीसात आधीच व्हिनेगर आणि मिरची भरपूर आहे, त्यामुळे इथे आंबटावर आंबट होईल. मी असं करेन: साल काढून आतलं सारण मंद आचेवर नीट शिजवून घे, लाल तूप सुटेल त्यात कांदा भरपूर, नेहमीच्या दुप्पट, म्हणजे गोडी येईल. कोबी सौम्य वाइनवाला घे आणि निम्माच. मस्टर्ड आणि जुनिपर काढून टाक, त्यांचं तिथे काही काम नाही. बटाट्याचा थर जाड कर आणि चीज कमी, ते लाल तूप बटाट्यात वर येऊ दे. आणि सफरचंद ठेवच.

मांडवीतीर

शनिवारी करतो. उरलं तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच गरम करायचं का? एकटाच आहे, एवढं संपणार नाही.

कालव्याकाठी

ओव्हन नको, सुकतं. गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पॅनमध्ये बटर तापवून हे सगळं मोडून थापून पसर आणि अजिबात हलवू नकोस. मध्यम आचेवर दहा मिनिटं, खालून लाल पापडी धरली की उलट. वर हाफ फ्राय अंडं घाल, म्हणजे एक अंडं फोडून पिवळं अर्धवट कच्चं राहील असं. चोरीसवालं तर असं जास्तच चांगलं लागेल.